सुलोचनाक्कानं लिहून ठेवलं होतं

सुलोचनाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सुटली." एकोणीस दिवस ती तंजावूरच्या एका दवाखान्यात यंत्राच्या श्वासावर होती. नळ्या उपटू नयेत म्हणून हात पलंगाला बांधलेले... आणि यातलं काहीही नको, असं तिनं लिहून ठेवलं होतं.

राजवाड्याजवळच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी गणित शिकवायचो. फुप्फुसांचा कॅन्सर आता बरा होणार नाही हे कळल्यावर तिनं मला तिरुवैयारूच्या घरी बोलावलं. मी मराठीत लिहायला घेतलं, तर म्हणाली, "मराठी आपल्या दोघींपुरती. हे डॉक्टरला वाचता यायला हवं. तमिळमध्ये लिही." श्वासाचं यंत्र नको, अतिदक्षता विभाग नको, वेदना कमी करा आणि कावेरीकडच्या माझ्या खोलीत राहू द्या. परीक्षेचा पेपर काढावा तसं एकेक वाक्य तिनं तपासलं. नोटरीपुढे सही केली. साक्षीदार म्हणून एक प्रत माझ्याकडे राहिली, दुसरी तिनं मुलाला, रघूला, बंगळूरला पाठवली.

धाप वाढली तेव्हा रघूनंच येऊन तिला भरती केलं. मी प्रत घेऊन धावले. डॉक्टर वाचत होते आणि रघू शांतपणे म्हणाला, "आईनं नंतर मत बदललं. मला फोनवर सांगितलं." अक्का बेशुद्ध. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात परत ठेवला... पोटच्या मुलापुढे मैत्रिणीला कोण विचारतो?

मागच्या आठवड्यात तो तिचा फोटो घेऊन आला. "मावशी, वर्तमानपत्राच्या पुरवणीत आईवर काही चांगलं लिहा ना."

मी त्याला बस म्हटलं नाही. "लिहिते. आधी सांग, ती फोनवर नेमकं काय म्हणाली?"

त्यानं फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "म्हणाली... रघू, तू घाबरशील. तरी कागदात आहे तसंच कर."

"तेच लिहिते," मी म्हणाले. तो रडला, हे छापू नका म्हणाला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

लिहिताना ती प्रत समोर आहे. सहीखाली अक्कानं पट्टीनं दोन रेघा मारल्या आहेत. सुटलेल्या गणिताच्या उत्तराखाली ती अशाच मारायची. त्यानंतर खाडाखोड चालायची नाही. रघूही गणित तिच्याकडेच शिकला.