बंडूजींच्या गिटारचा पंखा

देवळीचे किराणावाले बंडूजी दर शनिवारी दुपारी भजनात गिटार वाजवतात. त्यांच्या ॲम्प्लिफायरमधला पंखा जुन्या कूलरसारखा घरघरायचा. तरी मंडळी डोळे मिटून, माना डोलवत बसायची. बंडूजींची छाती फुगायची. असल्या रसिकांना हा खडखडाट कशाला, म्हणून त्यांनी नागपूरहून बिनआवाजाचा पंखा आणला आणि स्वतः स्क्रू खोलून बसवला.

त्या शनिवारी सगळे टक्क जागे! भजन संपल्यावर म्हाताऱ्या आनंदाबाईंनी विचारलं, "पंखा काऊन बदलवला, बंडूभाऊ? घरी कूलरपाशी निजल्यासारखं वाटे. आता डोळाच लागत नाई."

पुढच्या शनिवारी जुना पंखा परत लागला. मंडळींचे डोळे मिटले, माना डोलल्या. बंडूजी आता जरा हळूच वाजवतात, कोणाची झोप मोडू नये म्हणून.