बसची वेळ बघून दिलेला निकाल

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नसेल. कुत्रा, वीज, इंजेक्शन, तार घेऊन येणारा पोस्टमन, उतू जाणारं दूध, कंपनीचा भोंगा, या सगळ्यांना ते सारख्याच निष्ठेने भीत. भोंगा रोज ठरलेल्या वेळीच वाजायचा, तरी मामा रोज दचकायचे. "वेळेवर वाजला म्हणून काय झालं? वाजला तर खरा!" असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाने खरं तर पेटी वाजवावी, अंगणात दोडके लावावेत. पण मामांना नाद लागला जुनी नाणी पारखण्याचा. लोकांच्या तोंडावर 'हे खोटं आहे' म्हणण्याचं काम या माणसाने आपण होऊन का अंगावर घेतलं, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

मामा पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. आठवडाभर यंत्राचे सुटे भाग पास किंवा रिजेक्ट करायचे आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम नाण्यांवर. त्या वर्षांत आमच्याकडे जिकडे तिकडे कारखान्यांच्या शेड उठत होत्या. पाया खणताना कुठे शिवराई निघे, कुठे देव्हाऱ्यातल्या राणीछाप रुपयाबद्दल भावाभावांत शंका निघे आणि माणसं मामांचं दार वाजवत. दार वाजलं की मामा आधी घाबरत आणि मग उघडत. भिंग, सोनाराचा छोटा काटा आणि मखमलीचा एक तुकडा एवढीच त्यांची सामग्री. नाणं दोन बोटांत कडेने धरायचं, तोलायचं, पाटावर हलकेच वाजवायचं आणि मग प्रत लावायची. कोरं, हातोहात फिरलेलं, झिजलेलं आणि अक्षरं पार गेलेलं ते आंधळं, अशा त्यांच्या चार प्रती. पुढेपुढे ते माणसांनाही प्रत लावू लागले. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे स्वतःच्या मेव्हण्यांना, त्यांनी "कडा शाबूत, मजकूर पुसट" असं ठरवलं होतं. "आणि मी?" असं मी एकदा विचारलं. माझ्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "फिरलेलं आहे जावईबापू, पण खणखणीत. फक्त आपटू नका."

कंपनीच्या गेटवर तर रोजचा तमाशा. संध्याकाळी सुटताना, रखवालदाराने विचारायच्या आत, मामा स्वतःचे खिसे उलटे करून दाखवत. खिशात एखादं जुनं तांब्याचं नाणं राहिलं असलं आणि त्याला ते कंपनीतलं वॉशर वाटलं तर? शेवटी रखवालदारच हात जोडू लागला, "जावा मामा, घरी जावा." सोन्याचं नाणं कुणी आणलं तर विचारूच नका. सोनं बाळगण्यावर बंधन घालणाऱ्या कायद्याचे दिवस होते. मामा दार लावत, खिडकी लावत, मग बंद खिडकीबाहेर पोलीस उभा असल्यासारखं वाटतं म्हणून खिडकी पुन्हा उघडत.

चाकणच्या एका वहिनींनी मामा येणार म्हणून घरातली जुनी शिवराई चिंच लावून राखेने लख्ख घासून ठेवली होती. पाहुण्यासमोर मळकं नाणं कसं ठेवायचं! ते चकाकणारं तांबं पाहिल्यावर मामा उंबऱ्यावरच बसले. "वहिनी, दोनशे वर्षांचा रंग होता हो तो," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसू लागले. वहिनींना वाटलं, यांच्या घरी कुणी तरी गेलं असावं. त्यांनी घाईघाईने पाणी आणलं.

मामांचा खरा नियम ठरला तो सांगवीच्या प्रसंगानंतर. तिथे एका गृहस्थांचं पूजेतलं नाणं त्यांनी खोटं ठरवलं आणि गृहस्थ काठी घेऊन नदीपर्यंत मागे आले. तेव्हापासून मामा कुणाच्या घरी चपला काढीनात, निकालाआधी चहा घेईनात आणि परतीच्या बसची वेळ कळल्याखेरीज तोंड उघडीनात. बस यायला पाच मिनिटं असली की निकाल. खरं असलं तर चहा, खोटं असलं तर बस. सोबतीला मी असायचो. मीही शूर नव्हेच. पण मामांच्या शेजारी उभं राहिलं की मला आपण शूर असल्यासारखं वाटायचं, म्हणून मी आवडीने जायचो.

अशातच मामांच्या फोरमननी त्यांना बोलावून घेतलं. हा फोरमन चाकणकडचा, जुन्या पाटील घराण्यातला, आवाजाने मशीन बंद पाडेल असा. मामांच्या शिफ्ट त्याच्या हातात. त्याच्या मुलाचा साखरपुडा खेडच्या पलीकडच्या एका गावात ठरला होता. त्या बाजूच्या काही घरांत अशी चाल होती की साखरपुड्याला दोन्हीकडची पिढीजात मोहोर एका ताटात, तांदळावर शेजारी शेजारी ठेवायची. फोरमन म्हणाला, "मुलीकडची मोहोर तपासायची. खोटी निघाली तर सुपारी फुटायची न्हाई. आमची पेशव्यांनी दिल्याली हाय, तिच्या शेजारी पितळ ठिवायचं का आमी?" मामांनी 'हो' म्हटलं. फोरमनला 'नाही' म्हणण्याची भीती खोट्या मोहोरेपेक्षा मोठी होती.

आम्ही फोरमनच्या टेम्पोतून गेलो. गावात उतरल्या उतरल्या मामांनी एका म्हाताऱ्याला बसची वेळ विचारली. "बस सकाळीच गेली की," तो म्हणाला. मामांनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही. परत जायचं तर वरपक्षाच्याच टेम्पोतून.

मांडवात शंभर डोळे. मुलीकडची मोहोर मामांच्या मखमलीवर आली. काटा स्थिर होईना, तेव्हा तो त्यांनी माझ्या हातात दिला. वजन कमी भरलं. वाजवली तर आवाज बद्द. कडेला साच्याची बारीक रेघ, आणि फारसी अक्षराखाली एक छोटी खोक. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं, खोटी. समोर पाटावर मुलगी बसली होती. हिरवी साडी, मान खाली, पण डोळे मामांच्या हातावर. तिच्या कपाळावर घाम होता. तिचा बाप खांबाला टेकून उभा होता आणि त्याला तो खांब नसता तर उभं राहता आलं नसतं. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"काय मामा? बोला की," फोरमन म्हणाला.

मामांनी खोटं बोलून पास केली असती तर कुणाला कळणार होतं? पण इन्स्पेक्शनमधल्या माणसाला ते जमत नाही. खरं बोलले असते तर मुलगी जन्मभरासाठी रिजेक्ट. मामा मुलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "साहेब, ताटातली आपलीही द्या."

"आमची कशाला?"

"दोन्ही बघितल्याशिवाय मी निकाल देत नाही," मामा म्हणाले. असा नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता. सगळा मांडव बघत होता, फोरमनला नाही म्हणता येईना. मामांनी ती मोहोर भिंगाखाली धरली, उलटली, पुन्हा धरली आणि मग भिंग मुलीच्या बापाच्या हातात दिलं. "मार हा ज्याचा त्याला लागतो," ते म्हणाले. "दोन नाण्यांना एकाच अक्षराखाली, एकाच मापाची खोक पडत नाही. पडली असेल आणि साच्याची रेघही दोन्हींच्या कडेला असेल, तर दोन्ही एकाच मातीच्या साच्यात ओतलेली. दोन्ही खोटी आहेत."

फोरमनचा चेहरा तापलेल्या लोखंडासारखा झाला. मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात मुलीची आजी मागून पुढे आली. "व्हय, खोटीच हाय," ती ठसक्यात म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं खेडच्या बाजारात घेतल्याली, फिरत्या सोनाराकडनं. तुमच्या आज्यानं बी त्याच्याकडनंच घेतली आसंल. पेशवं बिशवं काय न्हाई. आता तुमची बी खोटी, आमची बी खोटी. बरोबरी झाली न्हवं? मग फोडा सुपारी!" कुणी तरी हसलं, मग बायका हसल्या, मग सगळा मांडवच हसला आणि फोरमनला हसावं लागलं. सुपारी फुटली. मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

टेम्पोत अर्थातच आम्हाला जागा नव्हती. चालत रस्त्याला लागलो, तेव्हा चाकणला निघालेला कांद्याचा ट्रक मिळाला. पोत्यांवर बसल्यावर मामांना हुडहुडी भरली. "जावईबापू, मी बोललो का हो?"

"बोललात."

"मोठ्याने?"

"चांगलं मोठ्याने."

"अरे देवा," म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि चाकणपर्यंत उघडले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांची बदली कारखान्याच्या टोकाला, भंगाराच्या यार्डात झाली. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. मी हळहळलो तेव्हा म्हणाले, "बरं आहे. भंगारात कुणाला रिजेक्ट करावं लागत नाही." ती मुलगी फोरमनची सून होऊन पिंपरीत आली आणि दर भाऊबीजेला मामांना ओवाळायला येऊ लागली.

काही वर्षांनी मामांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात ते प्रत्येक नर्सला बाटलीत काय आहे ते विचारत. फोरमनची सून रोज डबा आणायची. एका दुपारी तिच्यामागून फोरमनही आला. केस पांढरे झालेले, आवाज उतरलेला. खाटेच्या पायथ्याशी येऊन थांबला.

"घाबरला का मामा?"

"हो साहेब."

फोरमन स्टुलावर बसला. "मी बी लई घाबरलो होतो त्या दिवशी. आमची खोटी हाय, ते बापानं मरताना मला सांगितलं होतं. तिकडची तपासायला लावली, का तर लोकांचं डोळं तिकडंच ऱ्हावं." मामांनी सलाईन नसलेला हात पुढे केला आणि फोरमनने तो धरला.

त्यानंतर आठवड्याभरातच मामा गेले. आता मीही त्यांच्या वयाला पोचलो आहे आणि मला सगळ्याचीच भीती वाटते. दार वाजलं की छातीत धस्स होतं. मुलं म्हणतात, "बाबा, यात घाबरण्यासारखं काय आहे?" मामा असते तर आधी तेच घाबरले असते, आणि मग उठून मी दार उघडलं असतं.