गुरुजींच्या सुरांवर माझी वेलबुट्टी

चहा घोटभर पिऊन घ्या आधी, नंतर हसाल आणि सांडवाल! चूक काय, सगळेच करतात हो. पण चूक देखणी दिसावी म्हणून तिच्यावर वेलबुट्टी काढणारा माणूस पाहिलाय कधी? पाहून घ्या. समोर बसलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आदिलाबादला मी पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, बँडवाल्यांच्या गाड्या, नाटकाचे पडदे, सगळं माझ्या हातचं. जुन्या वळणाचं अक्षर ही आपली खासियत. पोट फुगलेलं, शेपटी वळवलेली आणि मागं काळी सावली! मराठी असो, तेलुगू असो, उर्दू असो, सावली पडणारच.

मग गावात कॉम्प्युटर आला. ब्रश वाळत चालला, तसा मी एका छापखान्यात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. माझीच अक्षरं कागदावर काढली, स्कॅन केली आणि चार महिने डोळे फोडून त्यांचा फॉन्ट बनवला. कळ दाबली की माझं अक्षर उमटे, सावलीसकट! त्यानंतर माझे पाय जमिनीला लागत होते का? विचारूच नका.

अशात एक दिवस वाघमारे गुरुजी आले. भीमपूरकडच्या एका खेड्यात शिक्षक. रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"बाबू, याचा फॉन्ट होईल काय?"

वहीत काय? चूल, विळा, घागर, चांदणी, अशी सात चित्रं! मी म्हटलं, "गुरुजी, हे काय दुकान मांडलं?"

"सारेगम हाय हे. आमच्या गावच्या बाया गातात गोड, पन अक्षरवळख नाई. म्हून मी सुरांच्या खुणा केल्या. सा म्हंजे चूल, रे म्हंजे विळा. पंधरा वर्सं झाले, बाया या खुणा पाहून गाऊन राह्यल्या."

आता शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब गावात येणार होते. त्यांच्यासमोर बायका कधीच न ऐकलेली चाल नुसत्या खुणा पाहून गाणार; ती चाल पुस्तिकेच्या एका पानावर छापून द्यायची मी. साहेबांना पटलं, तर गुरुजींच्या खुणा प्रौढ शिक्षणाच्या साऱ्या वर्गांत जाणार. माणसाची आयुष्यभराची मेहनत होती हो ती!

पुढे गुरुजींनी खुणांचे नियम सांगितले. चांगला अर्धा तास सांगितले. मी ऐकले का? छे! मी मनातल्या मनात घागरीला सावली पाडत होतो.

आणि खरंच पाडली! प्रत्येक खुणेमागं तिची एक सावली. विळ्याच्या टोकाला झोकदार शेपटी. मधूनमधून रिकामं वाटलं तिथं टिंबं. एवढ्यानं भागलं नाही म्हणून पानाला चारी बाजूंनी चौकट, तीही त्याच खुणांची. अस्सल जुन्या वळणाचं पान! पुस्तिका छापून, सकाळची पहिली बस पकडून कार्यक्रमाच्या तोंडावर पोचलो. गुरुजी मांडवात सतरंज्या अंथरत होते. त्यांनी वरचं कव्हर पाहिलं, "झाक झालं," म्हणाले आणि पुस्तिका वाटून टाकल्या.

साहेब आले. हार झाले. अकरा बायका उभ्या राहिल्या, पुढे पार्बताबाई. चाल दोन मिनिटांची, शब्द नाहीत, नुसतं 'आ' करून गायची.

पहिला सूर लागला. आहाहा! मग तोच सूर पुन्हा. मग दुसरा, तोही दोनदा. गुरुजींच्या भुवया वर गेल्या. मग अकराही आवाज एकदम असे थरथरले, जणू सगळ्यांना एकदम हिवताप भरला. आणि मध्येच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, फाट्! टाळी!

मी गुरुजींच्या कानाशी लागलो. "गुरुजी, या दोनदोनदा काऊन गाऊन राह्यल्या?"

"तू दोनदोन खुणा छापल्या म्हून!"

"त्या दोन नाईत, ती सावली हाय!"

"आन् शेपटी काऊन लावली? शेपटी म्हंजे आवाज हालवा. टिंब म्हंजे टाळी. सांगतलं व्हतं ना तुले!"

दहा मिनिटं झाली. साहेब चुळबुळले. "मास्टरगारू, इंका उंदा?" म्हणजे, अजून आहे का?

"कोंचेम, सार," गुरुजी कसंबसं म्हणाले. थोडंच.

एकदाचं पान संपलं. साहेबांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात पार्बताबाईंनी पुस्तिका आडवी केली. मागच्या दहाजणींनीही केली.

बाप रे! चौकट!

त्यांनी चौकट गायली हो! उजवी बाजू झाली, पुस्तिका फिरवली. खालची झाली, फिरवली. अकराजणी घाटातल्या बसचं स्टिअरिंग वळवावं तशा पुस्तिका वळवतायत, गळे थरथरतायत, टाळ्या पडतायत, आणि साहेबांचे हात अजून हवेतच! गुरुजी डोळे मिटून बसले होते. मी मांडवाचा खांब धरून उभा. पळावं तर कुठं? परतीची बस दुपारी तीनला!

अखेर थांबल्या. साहेब उठून पार्बताबाईंकडे गेले. "अम्मा, ये गाना पहले सुना था?"

"नाई साब. आजच देखे. दो निशान तो दो बार, दुम है तो हिलाना, टिंब को टाळी. जैसा लिखा वैसा गाया."

साहेब पुस्तिका घेऊन ओळीवर बोट फिरवत राहिले. मग हसू लागले ते थांबेचनात. "मास्टरजी, इन लोगोंने एक निशान नहीं छोड़ा! पास! सब क्लासों में भेजो. बस, जरा सादा छापो."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसलं आणि त्याच हातानं त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दाही घातला.

मी लाजत पार्बताबाईंसमोर गेलो. "माय, माफ करजा. लय चुकलं माझं."

"नाई भाऊ, चूक आमची झाली," त्या हळूच म्हणाल्या. "सायबाले नका सांगू, पन एक खूण आमी सोडून देल्ली."

"कोन्ती?"

त्यांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे पाय. याले वळनं लय, शेपट्या चार, पन सूर काई सापडे ना. म्या बायाईले म्हनलं, हे बेसूरच दिसते, सोडा याले!"

मी वाकून पाहिलं. त्यांच्या बोटाखाली माझी सही होती.