नात्याचा रकाना

रेकॉर्ड रूममधल्या ताईंना स्वतःचा चष्मा सापडणार नाही, पण नऊ वर्षांपूर्वीचा कागद मागा, हात घालताच काढून देतील. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर टायपिंग करते. बाई तोंडाने फटकळ, कामाला वाघ. धाकट्या बहिणीचा विषय निघाला की मात्र लोणी. आई लवकर गेली, म्हणून तिला यांनीच वाढवलं.

दम्याच्या मुलांवरचा तो अभ्यास आमच्याच हॉस्पिटलात झाला. औषधाचा डोस थोडा कमी केला तर चालतो का, एवढंच पाहायचं होतं. टीव्हीवाल्यांनी राईचा पर्वत केला. म्हणे, मुलांचं औषध बंद केलं, आयांच्या खोट्या सह्या मारल्या! बहिणीचा मुलगाही त्या अभ्यासात होता. बातमी लागली त्याच दिवशी तिचा फोन आला. "माझ्या पोराचं औषध बंद करवलंस? तू?" त्यानंतर चार महिने ती ताईंचा फोन उचलत नव्हती.

चौकशी समिती बसली. तिकडे आरडाओरडा चालू होता आणि इकडे ताई चारशे बारा संमतीपत्रं एकेक करून तपासत होत्या. औषध एकाही मुलाचं बंद झालं नव्हतं. भाच्याचा तर डोसही कमी केलेला नव्हता. सह्याही खऱ्या होत्या, एक सोडून. भाच्याच्या कागदावर आईची सही ताईंनी केली होती. संमतीपत्र भरायच्या दिवशी पोर कडेवर किंचाळत होतं, तेव्हा बहीण म्हणाली होती, "तूच कर गं, तुझ्यात-माझ्यात काय!" आणि आम्हाला शिस्त शिकवणाऱ्या या बाईंनी खुशाल सही ठोकली.

तो कागद त्यांनी आपणहून समितीपुढे ठेवला.

"ताई, पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

"खरं ते खरं. आणि जबाबाला तिला बोलावतील ना. चार महिने पाहिलं नाही गं तिला."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

बहीण आली. समिती वरच्या मजल्यावर होती आणि जबाब चालू असताना ताईंना तिथे मज्जाव होता. त्या ठेवणीतले कपडे घालून खाली जिन्यापाशी उभ्या राहिल्या. वर बहिणीने खरं तेच सांगितलं, "सही करायला मीच सांगितलं होतं." मी टाइप करत होते. "तुमचं त्यांच्याशी नातं?" अध्यक्षांनी विचारलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ते कोरंच ठेवा." सही करून ती मागच्या जिन्याने निघून गेली.

ताई ताकिदीवर सुटल्या. टीव्हीवर त्याबद्दल चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी तो जबाब फायलीला लावायला त्यांच्याकडेच आला. त्यांनी तो दोनदा वाचला, सहीवरून बोट फिरवलं.

"नात्याचा रकाना राहिला तुझ्याकडून."

"हो ताई, गडबडीत राहिला," मी चक्क खोटं बोलले. "भरून टाकू?"

"नको. सही झाल्यावर कागदाला हात लावायचा नसतो." त्यांनी फाईल बांधली. मग हळूच विचारलं, "बारीक झाली का गं ती?"