दोन मशिनी आणि मी

आमच्या सर्व्हर-रूममधले किस्से इतके साचलेत की मित्र म्हणतात, लिहून काढ. काढतो, डोकं तरी हलकं होईल.

गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. गेटवरच्या वजनकाट्याच्या पावत्या दोन सर्व्हर मशिनींवर चालतात. एक बंद पडली तर दुसरी आपोआप काम उचलते. म्हणजे उचलायला हवी. याच भरवशावर मी जिवतीला एकट्या राहणाऱ्या आईला दरवर्षी सांगतो, "दसऱ्याला येतो." तीन दसरे झाले, गेलेलो नाही.

*

एकदा पावतीची सेटिंग बदलायची होती. ती दोन्हीकडे सारखी लागते. पहिलीवर बदलली, तर मॅनेजर म्हणाले, "दुसरी राहू द्या. एक तरी जुनी, सवयीची असावी."

ऐन दसऱ्याला पहिली पडली. दुसरीनं काम उचललं आणि एकही पावती निघेना. गेटवर ट्रकांची रांग. मॅनेजर मलाच म्हणाले, "दोन्हीकडे बदलायची असते, एवढंही कळत नाही?"

*

रूमची देखभाल बंडूभाऊ इलेक्ट्रिशियनकडे. दोन्ही मशिनी एका वायरीतून एकमेकींची खबर घेतात. पुढच्या दसऱ्याला त्यांनी झाडायला म्हणून ती वायर काढली. प्रत्येकीला वाटलं, दुसरी गेली. दोघी कामाला लागल्या. एकाच नंबरच्या दोन-दोन पावत्या!

"दोघी काम करून राह्यल्या, त चांगलंच झालं ना?" बंडूभाऊ म्हणाले. मी एकेक दुबार पावती रद्द करत बसलो.

*

दोन मशिनींना दोन यूपीएस आहेत. दोन्ही एकाच सॉकेटवर. सॉकेट जळालं, तिसरा दसरा गेला.

"अन् दुसरं सॉकेट?" मी बंडूभाऊंना विचारलं.

"ते मोबाईल चार्जिंगले लागते, साहेब."

*

यंदा सगळं दोनदा तपासलं. खंडेनवमीला दुपारी जिवतीच्या बसमध्ये बसलो. घाट लागायच्या आत बंडूभाऊंचा फोन.

"साहेब, मशिनी चालू केल्या, पण कोनीच काम उचलून नाई राह्यली."

"बंद कोणी केल्या?"

"मीच. पूजेले. चालू मशीनची पूजा कशी करन?"

"अहो, पण दोन्ही काऊन?"

"एकीचीच केली त दुसरीले वाईट वाटन ना."

दोन्ही एकदम बंद झाल्या की काम कोणी उचलायचं ते मलाच तिथं जाऊन ठरवावं लागतं, आणि पुढे रेंजही नसते. मी उतरलो. परतीच्या गाडीची वाट बघत आईला फोन लावला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबू, काम अडू नये म्हणून मशिनी दोन ठेवल्या. मंग माणूस एकच काऊन ठेवला?"