पत्र्याखालचा कॉम्प्युटर

क्लासच्या संचालकांनी फोनवर सांगूनच टाकलं, "मॅडम, उद्या दुपारी पुन्हा अडकलं तर बॅच दुसऱ्यांना देतो. पालक लई ओरडायलेत."

लातूरचे क्लास तेव्हा लॉकडाऊनमुळे बंद होते आणि मी घरून भौतिकशास्त्र शिकवत होते. लिनक्स टाकलेला माझा कॉम्प्युटर सकाळ-संध्याकाळ गुणी लेकरासारखा चालायचा. दुपारच्या बॅचला मात्र मध्येच थिजायचा. डिजिटल पेन पुढे जायचं, पडद्यावरची रेघ मागे राहायची, आवाज तुटायचा आणि जरा वेळानं सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. माझा जीव मेटाकुटीला आला होता. आधी मी नेटला शिव्या दिल्या, पण नेट बंद करूनही माउस अडखळला. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, पडद्यावरचे सगळे नखरे बंद केले, रॅम वाढवली. प्रत्येक इलाजानंतर संध्याकाळी तपासायचे, तर सगळं झकास. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

त्या दिवशी मी ऊन चढल्यावर, लेक्चरच्या आधी सराव करून पाहिला आणि बाजूला टर्मिनलच्या काळ्या खिडकीत प्रोसेसरचं तापमान आणि वेग दिसत ठेवला. तापमान शंभरीजवळ गेलं, वेग धाडकन खाली आला आणि त्याच क्षणी माउस थिजला. मशीन जळू नये म्हणून स्वतःच दमानं घेत होतं. मी पंखा साफ केला, झाकण काढलं, कूलरचं तोंड तिकडं वळवलं. आकडा उतरेना. पोरांना उष्णतेचा धडा घोकायला लावणारी मी, आणि डोक्यावरचा तापलेला पत्रा मला दिसला नव्हता! स्वतःचाच संताप आला.

भूकंपात आई घराखाली गेली. तेव्हापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, स्लॅबखाली बसले नव्हते. स्लॅबच्या दोन खोल्या असूनही ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत. मीही तासन्तास बसायचं काम तिथंच करायचं, हा आमच्या घरचा कायदा होता. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतं, एवढंच ते म्हणत.

"अण्णा, हे आत न्यावं लागतंय."

"आत न्हाई."

"इथं चालत नाही हो. बॅच जाईल माझी."

मी कॉम्प्युटर उचलून आतल्या थंड खोलीत नेला आणि वायरी जोडल्या. छताकडे माझीही नजर गेलीच. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. तरी लेक्चर सुरू केलं. रेघ पेनाबरोबर धावू लागली, आवाज तुटेना.

तेवढ्यात अण्णा उंबरठा ओलांडून आत आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. कपाळावरून घाम निथळत होता, एका हातानं माझा दंड घट्ट धरलेला.

मी माइक बंद केला. "अण्णा, तुम्ही बाहेर बसा. मी करते."

"तू लेकरांकडं बघ, माय," ते म्हणाले. नजर स्लॅबवरून हलली नाही. "वर म्या बघतो."