फुईची बिनकल्हईची कढई

छगन गुजर कोणताही पदार्थ चुलीवर चढवण्याआधी त्यात काय बिघडू शकतं ते मोठ्याने म्हणून घ्यायचा. ही सवय त्याला एका पुस्तकाने लावली होती, आणि ते पुस्तक त्याला वाचता येत नव्हतं.

पुस्तक फ्रेंच होतं. नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्याचा व्यवस्थापक फ्रेंच होता. त्याच्या बंगल्यावर छगन अकरा वर्षं स्वयंपाकी होता. व्यवस्थापकाची मडम ओट्याशी उभी राहून पुस्तकातली एकेक ओळ मोडक्या हिंदीत सांगायची आणि छगन करत जायचा. पुस्तक लिहिणारी क्लेमांस नावाची विधवा. नवरा गेल्यावर तिने नदीच्या उतारावर खाणावळ चालवली आणि म्हातारपणी जे येत होतं ते लिहून ठेवलं. प्रत्येक पदार्थाखाली ती चार ओळी वेगळ्या लिहायची: इथे भ्यायचं. दूध इथे फाटतं. साखर इथे कडू होते. या भांड्यात हे ठेवाल तर माणूस आजारी पडेल. आणि पडलाच, तर काय करायचं.

छगनला या बाईचा लळा लागला. पहिल्या पानावर तिचं चित्र होतं, बाह्या सारलेली, जाड मनगटांची. त्याच्या बापाची बहीण, त्याची फुई, हुबेहूब तशीच होती. तो या बाईलाही फुईच म्हणू लागला. मडम मायदेशी जाताना पुस्तक त्याच्या हातात ठेवून गेली. डागांवरून त्याला पानं ओळखता येत आणि पानांवरचा मजकूर पाठ होता.

गावी परतल्यावर मात्र हीच फुई त्याला नडली. तापीकाठचं त्याचं गाव गुजरांचं, घरोघरी माळकरी. बंगल्यावर त्याने अंडी फोडली होती, मटण शिजवलं होतं. थोरला भाऊ मगन याने त्याला खळ्यातली खोली दिली, वेगळी ताटली दिली आणि जेवायला ओटा दिला. पंगतीत त्याला जागा नव्हती.

मगनची मुलगी जसोदा हिचं लग्न ठरलं, तेव्हा तिचा होणारा सासरा नवलभाई घर पाहायला आला. उंच, सावकाश बोलणारा माणूस, गळ्यात तुळशीची कंठी. ओट्यावर एकट्याने जेवणारा छगन त्याला दिसला.

"हाऊ कोन शे?"

"मन्हा धाकला भाऊ," मगन म्हणाला. "बंगलावर व्हता. अंडा फोडे."

नवलभाईने छगनलाच विचारलं, "आते अंडा खास का?"

"नही. तैं भी खाधं नही. फक्त करं."

"मंग लगीनमा मन्हा शेजारे बस," नवलभाई म्हणाला. "खोटं बोलना रहातं तर आतेच बोलता."

मगनला नाही म्हणता आलं नाही. छगनने त्या दिवसापासून लग्नाची वाट पाहायला सुरुवात केली. पंगतीसाठी तो फुईच्या पद्धतीने कैरीचा पाक करणार होता. त्यासाठी त्याने तांबटाकडून तांब्याची कोरी, पसरट कढई आणली. बंगल्यातलं भांडं घरात चाललं नसतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी कल्हईवाला अंगणात भाता लावून बसला. घरातली आणि शेजारची भांडी आतून चांदीसारखी होऊन ओळीने निघू लागली. छगनने आपली कढई बाजूला ओढली.

"याला नको. कडक पाकात कल्हईचं कथील वितळतं."

"शादी का घर है," कल्हईवाला भाता न थांबवता म्हणाला. "नंगा तांबा मत रखो, भाई."

मगनची बायको नर्मदाबाई हसली. "तुन्ही फुईना गावले कल्हईवाला जात नही का, छगनभाऊ?"

"फुईनं म्हननं शे, भाबी, पाक व्हयना का लगेच काढी लेवाना. आंबट त्यामा ठेवानं नही."

"कोरी शे ना? अंडं नही लागेल ना? मंग व्हयनं."

घराला भीती विटाळाची होती. कढई कोरी आहे एवढं कळल्यावर तिच्याबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी पाक उत्तम झाला. छगनने तो तिथल्या तिथे बरण्यांत काढला, कढई राखेने घासली, लिंबाखाली पालथी घातली आणि खळ्यात गेला. लग्नघरी ताक गावाने द्यायचं अशी तिथली रीत. दिवेलागणीला घराघरांतून घागरी आल्या. भांडी कमी पडली. बायका हळदीच्या गाण्यांत होत्या. मगनने हाताला लागेल ते भांडं सुलटं केलं, त्यात ताक ओतलं आणि वरून फडकं बांधलं.

सकाळी त्याच ताकाची कढी झाली. हळदीमुळे तिचा रंग पिवळाच दिसला.

पहिली पंगत वरपक्षाची. नवलभाईने शेजारचा पाट रिकामा ठेवायला सांगितला होता. छगन हात धुवायला विहिरीकडे निघाला आणि वाटेत त्याला आपली कढई दिसली. सुलटी पडलेली, तळाशी बोटभर ताक. आणि ताक जिथवर आलं होतं तिथे, आतल्या बाजूने, कळकलेल्या तांब्याची मोरपंखी हिरवी कड.

पंगतीत कढी दुसऱ्यांदा वाढली जात होती. वाटी तोंडाला लावून नवलभाई म्हणाला, "कढीले काय तरी येगळी चव शे." आणि संपवली.

छगनने मगनला गोठ्याआड ओढलं. "मन्ही कढईमा ताक कोनी टाकं?"

"मी. काबरं?"

छगनने बोटावरचा हिरवा डाग दाखवला. मगनचं तोंड उतरलं. तोवर मांडवामागे, बैलगाड्यांच्या बाजूला, कोणीतरी ओकायला लागलं होतं. मग दुसरं. उरलेली कढी छगनने उकिरड्यावर ओतली. शहाद्याच्या डॉक्टरकडे घोडं पाठवलं, पण ते परत यायला संध्याकाळ झाली असती.

फुईच्या पानावर उपाय होता. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात फेटून पाजायचा, ओकारी झाली की पुन्हा पाजायचा. दुसरा काही उपाय तिने लिहिला नव्हता. अंडी भिलाटीत, गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीत, मिळत होती. छगनने मगनला विचारलं.

"आन," मगन म्हणाला. "पन नाव लेऊ नको. दवा शे म्हनी पाज."

छगनने तसंच केलं. माणसं कण्हत होती. पेला समोर आला की डोळे मिटून पीत होती. कोणी काही विचारलं नाही.

नवलभाई शेवटच्या खाटेवर होता. दोन वाट्या कढी प्यायलेला. चेहरा राखेसारखा, पोटरीत गोळे. छगनने त्याची मान उचलली आणि पेला ओठांशी नेला. नवलभाईने हाताने तो थोपवला.

"कशानी दवा?"

मगन खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने मान हलवली: नको.

"छगन, तू सांगशी ते मी पिसु. कशानी शे?"

पेल्यावरचा फेस बसत चालला होता.

"अंडानी," तो म्हणाला. "धव्वा भाग. पी ल्या, भाऊ. समदासनी पीधं."

नवलभाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्याने पेला छगनच्या हातासकट खाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. छगनने पुन्हा सांगून पाहिलं, हात जोडले. जसोदा येऊन पायाशी बसली. नवलभाईने ओठ उघडले नाहीत.

बाकीचे सगळे वाचले. त्यांतले निम्मे अंडं न पिताही वाचले असते, असं डॉक्टर नंतर म्हणाला. नवलभाई दिवस मावळताना गेला, डॉक्टरचं घोडं वेशीत शिरायच्या आधी. तो पेला प्यायला असता तर जगला असता का, हे डॉक्टरनेही सांगितलं नाही.

नवरीची गाडी आणि प्रेताची गाडी एकाच रस्त्याने निघाल्या. धूळ बसेपर्यंत मगन वेशीत उभा राहिला. मग तो खळ्यात आला. छगन दाराशी बसला होता.

"दवा म्हनता तर तो पेता," मगन म्हणाला. "सांगं कसाले तू?"

"त्यानी इचारं," छगन म्हणाला.